उणे सदतीस, इंजिन गरम

१

इर्याचा फोन आला तेव्हा मी आमच्याकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे टाकून बसले होते. सकाळचे साडेआठ. उजेड यायला अजून दीड तास होता. जानेवारीत आमच्याकडे, इतक्या उत्तरेला, सूर्य वर येतच नाही. दहा ते दोन निळसर उजेड असतो, तेवढ्यात बाहेरची कामं उरकायची.

“ताई, गाडी चालू होत नाही,” इर्या म्हणाली. “दोरी ओढून ओढून खांदा निखळायची वेळ आली.”

“चोक दिलास?”

“पूर्ण.”

“पेट्रोल?”

“परवाच ताजं भरलंय. तेलही तू सांगितलंस तेवढंच घातलं.”

“मग आता ओढत बसू नकोस, पेट्रोल ओव्हर होईल. मी येते.”

आमच्या गावात अठरा घरं आणि तीसेक स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाड्या. सगळ्या कधी ना कधी माझ्या शेडमध्ये येऊन जातात. थंडीत चालू न होणं हा जुन्या गाड्यांचा कायमचा आजार, आणि त्याची कारणं चारच: पेट्रोल पोचत नाही, ठिणगी पडत नाही, हवा चुकते किंवा इंजिनात दाब राहिलेला नसतो. पाचवं कारण मी बत्तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

ही गाडी पिएराची. पिएरा माझा धाकटा भाऊ, इर्याचा नवरा. गेल्या जानेवारीत हीच गाडी घेऊन तो काल्लो तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, आमच्या मासेमारीच्या झोपडीवर गेला होता. अकरा किलोमीटर, सगळी वाट गोठलेल्या तळ्यावरून. उणे एक्केचाळीस होतं. गाडी तिथेच राहिली आणि तो पायी निघाला. चार दिवसांनी बर्फात गोठून मेलेला सापडला. गाडी चालू झाली नसणार, म्हणून चालत निघाला असणार, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. पण त्याआधी नोव्हेंबरात तो याच गाडीची तक्रार घेऊन माझ्याकडे आला होता. माझ्याकडे कामाचा ढीग होता. मी त्याला नाताळनंतर ये म्हणून सांगितलं होतं.

हे मी इर्याला कधी सांगितलं नाही.

२

गाडी मी माझ्या शेडमध्ये ओढत आणली आणि दिवसभर तिच्याशी झटत बसले. जुनं टू-स्ट्रोक इंजिन, दोरी ओढून चालू करायचं, बॅटरी वगैरे नाही. कार्ब्युरेटर उघडून धुतला. पेट्रोलची नळी कडक झाली होती, ती बदलली. टाकीच्या तळाशी पाणी असेल म्हणून टाकी रिकामी केली. पाणी नव्हतं. नवे प्लग घातले. इंजिनाचा दाब मोजला. एवढ्या जुन्या गाडीला शोभणार नाही इतका चांगला निघाला.

शेजारचा उन्तोकाका दारात येऊन उभा राहिला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे, पण अजून रेनडिअरच्या कळपामागे जातो.

“काय म्हणते म्हातारी?” त्याने विचारलं.

“तुमच्यापेक्षा धडधाकट आहे, काका.”

“मग चालवणारीचाच दोष. इर्याला म्हणावं, दोरी ओढायची असते, कुरवाळायची नसते.”

रात्रभर मी गाडी अंगणात उघड्यावर ठेवली. उणे पस्तीस. सकाळी पूर्ण चोक देऊन दोरी ओढली. दुसऱ्या खेचेला इंजिन धडधडायला लागलं. टाकीवर चिकटपट्टी लावून मी त्यावर किलोमीटरचा आकडा लिहिला, प्रत्येक गाडीवर लिहिते तसा, आणि गाडी इर्याच्या घरी नेऊन तिच्या शेडमध्ये लावली. इर्याची शेड घराला लागूनच आहे, स्वयंपाकघरातून आत जायला दार. तिने मांसाचं सूप वाढलं. उद्या जाळी काढायला जाईन म्हणाली. शाळेच्या स्वयंपाकघराला मासे तीच देते. वर्षभरानंतर पहिल्यांदाच तिच्या तोंडून ‘उद्या’ ऐकून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी साडेआठला पुन्हा फोन.

“ताई, होत नाही.”

३

त्याच्या पुढच्या सकाळी मी आठ वाजताच तिच्याकडे पोचले. आदल्या दिवशी घाईत जाऊन मी चिकटपट्टीवर मीटरचा नवा आकडा लिहिला होता आणि गाडीला हात लावू नकोस म्हणून बजावलं होतं.

शेडच्या मोठ्या दारासमोर वाऱ्याने संध्याकाळी आणून टाकलेला बर्फ वीतभर साचला होता. त्यावर एक ओरखडा नव्हता. मीच फावड्याने तो ओढून दार उघडलं. हे सांगते, कारण मग गाडी बाहेर गेली कुठून, हे नंतर मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं.

बॉनेट उघडलं, प्लग काढले. ओले चिंब. पेट्रोलचा भपका आला. इर्याने आदल्या दिवशी ओढलं होतं त्याचं हे, असं म्हणून मी ते पुसले, सुकवले. मग प्लग परत बसवताना हातमोजा काढला. जाड मोज्यात आटे जुळत नाहीत. उणे सदतीसला उघडा हात लोखंडाला लागला तर कातडी चिकटते, म्हणून मी बोटं जपूनच आत घातली.

बोटं चिकटली नाहीत.

मी हात तसाच ठेवला. मग अख्खा तळवा सिलिंडरवर टेकवला. कोमट नव्हे, चांगलं गरम होतं. भाकरीचा तवा चुलीवरून उतरवून थोडा वेळ झाल्यावर असतो तसं.

गरम इंजिनाला पूर्ण चोक दिला की पेट्रोल ओव्हर होतं, प्लग भिजतात आणि गाडी चालू होत नाही. शिकाऊ मुलालाही ठाऊक असतं. म्हणजे गाडीत बिघाड नव्हताच. इर्या रोज सकाळी गरम गाडी गार समजून चालू करत होती.

मी चोक न देता दोरी ओढली. पहिल्याच खेचेला इंजिन बोललं.

“झाली!” इर्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “काय केलंस?”

“काही नाही. इर्या, सकाळी कोणी गाडी नेली होती का?”

“कोण नेणार?”

“तू कितीला उठलीस?”

“सहाला.”

“आवाज आला नाही?”

“नाही,” ती म्हणाली, पण माझ्याकडे न बघता.

एवढ्या थंडीत बंद केलेलं इंजिन तासाभरात दगड होतं. म्हणजे ही गाडी सातच्या आसपास चालत होती. मी टाकीवरची चिकटपट्टी पाहिली आणि मीटर पाहिला. दोन्हींत बावीस किलोमीटरचा फरक होता.

इर्या झोपेच्या गोळ्या घेते. झोपेत माणूस काहीही करतो. झोपेत उठली, फिरून आली, दार लावलं, बर्फ परत सारखा केला. घरी जाताना मी हे मनाशी तीनदा म्हटलं. तिसऱ्या वेळीही ते पटलं नाही.

४

त्याच दिवशी, गुरुवारी, मी चावी माझ्या खिशात घेऊन घरी आले. शुक्रवारी सकाळी इंजिन गरम होतं आणि मीटर अठरा किलोमीटरने पुढे सरकला होता.

चावीशिवाय गाडी चालू करता येते. दोन तारा जोडल्या की झालं. म्हणून शुक्रवारी मी इंजिनाचा पट्टा काढून घेतला. इंजिन हवं तेवढं फिरो, पट्ट्याशिवाय गाडी एक इंचही पुढे जात नाही, आणि गाडी गेली नाही तर मीटर फिरत नाही. पट्टा मी घरी आणून चुलीवरच्या खिळ्याला टांगला. सकाळी उठून आधी तो पाहिला. जागच्या जागी होता.

शनिवारी आठ वाजता इर्याच्या शेडमध्ये पाऊल टाकलं तेव्हा धुराचा वास अजून हवेत होता. सिलिंडरला हात लावायची गरज नव्हती, तरी लावला. मीटर सहा किलोमीटरने पुढे.

बावीस, अठरा, सहा. जाऊन-येऊन बावीस, म्हणजे एकीकडून अकरा. मग नऊ. आता तीन.

मी मागे वळले. इर्या दारात होती, हातात पेट्रोलचा डबा.

“कुठे निघालीस हे घेऊन?”

“टाकीत घालायला. रोज थोडं संपतं.”

“तुला माहीत आहे,” मी म्हणाले.

ती आत आली, डबा खाली ठेवला आणि गाडीच्या सीटवर बसली. तिचा चेहरा मी वर्षभरात इतका शांत पाहिला नव्हता.

“सात वाजता चालू होते,” ती सांगू लागली. “एकाच खेचेत. मी स्वयंपाकघरात बसून ऐकते. आवाज तळ्यावरून लांब लांब जातो, मग थांबतो. थोडा वेळ काहीच नाही. मग परत येतो. पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. आज पंधरा मिनिटंसुद्धा नाही.”

“आणि तू दार उघडून बघत नाहीस?”

“भीती वाटते गं. मी बघितलं आणि तो आलाच नाही तर?”

“कोण?”

“ताई,” ती हसली, “तू विचारतेस, कोण?”

मला तेव्हा फक्त सीट दिसत होती. रात्रभर शेडमध्ये राहिलेल्या सीटवर पांढरं हिम धरलेलं असतं. इर्या बसली होती तिच्या मागेही, दुसऱ्या माणसाच्या जागी, ते हिम दाबलं गेलं होतं.

५

तिथून मी सरळ उन्तोकाकाकडे गेले. पिएरा सापडला तेव्हा पहिला तोच पोचला होता. नंतर झोपडीवरून गाडी आणायला आम्ही दोघं गेलो होतो.

काका जाळं विणत बसला होता. माझा चेहरा पाहून त्याने सुई बाजूला ठेवली.

“काका, पिएरा नक्की कुठे सापडला होता?”

“आता कशाला ते?”

“सांगा ना.”

“छोट्या बेटापाशी. तीन किलोमीटर असेल इथून.”

“आणि झोपडीवर ती गाडी... तुम्ही चालू केलीत ना? मी तेव्हा झोपडी बंद करत होते.”

त्याने मांडीवरचं जाळं खाली ठेवलं. “तुला सांगितलं नाही, पोरी. इर्याला तर नाहीच. पहिल्या खेचेला चालू झाली. चोक अर्धाच ओढलेला होता. टाकी पाऊण भरलेली. गाडीत काही म्हणता काही बिघाड नव्हता.”

“मग तो चालत का निघाला?”

“मीही तेच विचारत असतो,” काका म्हणाला. “आणि एक सांगू? जाळी काढायला म्हणून गेला म्हणतात. त्या आठवड्यात त्याची जाळी पाण्यात नव्हतीच. माझ्यासमोर वाळत घातली होती.”

तिथे त्याच्या गरम स्वयंपाकघरात बसून मला नोव्हेंबरातली ती सकाळ आठवली. आठवली म्हणणं खोटं आहे. ती विसरले कधीच नव्हते, फक्त त्यातलं ‘नाताळनंतर ये’ एवढंच मी वर्षभर घोळवत बसले होते. पिएरा त्याआधी काय म्हणाला होता, ते मी बाजूला सारलं होतं.

तो म्हणाला होता, “ताई, सकाळी इंजिन गरम असतं.”

मी हसले होते. “मग चांगलंच की. लोकांची गार असतात म्हणून माझ्याकडे येतात.”

“चेष्टा नाही. कोणीतरी चालवतंय. मीटर वाढतो. आणि रोज आधीपेक्षा कमी.”

“पिएरा, संध्याकाळी किती घेतोस?”

तो उठून गेला होता.

तेव्हा तो जिवंत होता. आपल्या घरात, बायकोशेजारी झोपत होता. आणि तेव्हाही गाडी जात होती, रोज आधीपेक्षा थोडं कमी अंतर, जणू रोज थोडं जवळ येणाऱ्या कोणाला तरी गाठायला. तेव्हा तिकडून चालत येणारा पिएरा नव्हता. मग आत्ताही तो कशावरून?

त्याने गाडी तिकडे का नेली, ते मला तिथेच कळलं. घरापासून, इर्यापासून जमेल तेवढी लांब. ती तिथे सोडून तो पायी परत येत होता.

आणि तीच गाडी मी परत आणून तिच्या शेडमध्ये लावली होती.

६

दुपारी बारा वाजता मी इर्यासमोर बसून सगळं सांगितलं. नोव्हेंबर, गरम इंजिन, माझं हसणं, उन्तोकाकाने सांगितलेलं. तळ्यावर निळा उजेड होता, खिडकीतून पलीकडची टेकडी दिसत होती. मी मधे कुठेच थांबले नाही. थांबले असते तर पुढे बोलवलं नसतं.

इर्या ऐकत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे तो तुझ्याकडे मदत मागायला आला होता.”

“हो.”

“आणि तू त्याला हाकललंस.”

“इर्या, मी काय सांगतेय ते ऐक. त्याच्या हयातीतसुद्धा हे होत होतं. जे येतंय ते...”

“वर्षभर तू माझ्या घरी सूप प्यायलीस,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “माझा हात हातात घेऊन बसायचीस. आणि आता तो येतोय म्हटल्यावर तुला सांगायचं सुचलं, की तो तो नाही.”

“मी गाडी घेऊन जाते. झोपडीवर सोडून येते. परत यायला माझी गाडी आहे, मला चालायला लागणार नाही.”

मला वाटलं होतं ती दारात आडवी पडेल. ती उठली, स्वतः शेडचं दार उघडून दिलं.

“ने,” ती म्हणाली. “अर्ध्या वाटेत भेटेल तुला.”

मी पिएराची गाडी दोराने माझ्या गाडीला बांधली आणि तळ्यावर उतरले. पट्टा माझ्या जॅकेटच्या आत होता. सकाळी घरून निघताना का कोण जाणे, खिळ्यावरून काढून घेतला होता. थंडी चेहऱ्याला चावत होती. बर्फ सपाट, वाट ओळखीची, मागे दोराला हिसके बसत होते. पहिला किलोमीटर, दुसरा. छोटं बेट दिसायला लागलं, बर्फात बुडालेली पाच-सहा झाडं. मी तिकडे बघायचं नाही ठरवलं होतं. वेगही कमी करायचा नाही.

बेट ओलांडताना माझी गाडी दबली. हिसका नाही, ओढ वाढली. स्नोमोबाइलवर मागे माणूस बसला की गाडी जशी जड होते तशी. वेग आपोआप कमी झाला.

मी मागे पाहिलं.

पिएराच्या गाडीवर कोणीतरी बसलं होतं. अंगावर काय होतं, चेहरा कसा होता, ते मी सांगू शकत नाही. उजेड निळा होता आणि मी एक श्वासभर पाहिलं असेल. एकच गोष्ट नीट दिसली. गाडी उंचवट्यांवर उडत होती, आपटत होती, आणि बसलेलं ते मात्र अजिबात हलत नव्हतं.

मी चाकू काढून दोर कापला.

माझी गाडी उसळून पुढे गेली. पन्नास-साठ मीटरवर जाऊन थांबले, इंजिन बंद पडलं. त्या शांततेत मागे दोरी ओढल्याचा आवाज आला. एकदाच. पट्टा माझ्या छातीशी होता, आणि माझ्या डोळ्यांसमोर पिएराच्या गाडीचा दिवा लागला, गोल फिरला आणि गावाकडे निघाला.

७

माझी गाडी चालू व्हायला सात-आठ खेचा लागल्या. इर्याच्या घरी पोचले तेव्हा शेडचं दार उघडं होतं आणि गाडी आपल्या जागी उभी होती. बॉनेटमधून वाफ निघत होती.

स्वयंपाकघराचं दार इर्याने उघडलं. ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोल. झोपलाय.”

घरात विलक्षण गारवा होता. चूल विझलेली, तिच्यातली अर्धवट जळलेली लाकडं काढून सिंकमध्ये टाकलेली, अजून धुमसत होती.

“चूल का विझवलीस?”

“त्याला ऊब सोसत नाही,” ती कुजबुजली. “एवढं वर्ष बाहेर काढलंय, सवय गेली असणार.”

“इर्या, चल माझ्याबरोबर. आत्ताच्या आत्ता. अंगावरच्या कपड्यांनिशी चल.” मी तिचा दंड धरला. तिने सोडवून घेतला नाही, फक्त माझ्या हाताकडे बघत राहिली, मी हात काढेपर्यंत.

झोपायच्या खोलीचं दार हातभर उघडं होतं. मी तिथपर्यंत गेले. मला सांगायला लाज वाटते, पण त्या चार पावलांत माझ्या मनात एक आशा होती. आम्ही सगळे चुकलो असू. चार दिवसांनी सापडलेला तो दुसराच कोणी असेल. माझा भाऊ पलंगावर पाय पोटाशी घेऊन घोरत पडलेला दिसेल.

पलंगावर भिंतीकडे तोंड करून कोणीतरी झोपलं होतं. डोक्यापर्यंत पांघरूण. पिएराएवढीच लांबी. मी पांघरुणाकडे बघत राहिले. ते वर-खाली होत नव्हतं. मी मनात आकडे मोजले. चाळीसपर्यंत मोजले. पांघरूण तसंच.

माझ्या बुटाखालची फळी करकरली. तेव्हा पांघरूण एकदम वर उचललं गेलं, खाली बसलं, पुन्हा वर, पुन्हा खाली. श्वास घ्यायचा असतो हे कोणाच्या तरी आत्ता लक्षात आल्यासारखं. फार वेगाने आणि फार मोठे श्वास.

मी मागे सरले.

“बघितलंस ना?” इर्याचे डोळे भरून आले होते. “बघितलंस ना, ताई?”

मी घरी निघून आले. तिला तिथे सोडून आले. कोणी विचारलं तर मी काय काय कारणं सांगते ते मला पाठ आहे, पण खरं एवढंच.

८

दुसऱ्या दिवशी उन्तोकाका दोघा जणांना घेऊन गेला. इर्याने दारातच त्यांच्याशी नीट गप्पा मारल्या, काकाच्या गुडघ्याची चौकशी केली आणि आत कोणाला घेतलं नाही. शहरातून पोलीस आला. तोही दारातूनच परतला. बाईने एकटीने राहणं हा काही गुन्हा नाही म्हणाला. काकाने त्याला तिच्या धुराड्याकडे बघायला सांगितलं. उणे अडतीस होतं, आणि चार दिवस त्यातून धूर निघालेला नव्हता.

शुक्रवारी दुपारी इर्या माझ्या शेडमध्ये आली. टोपी नाही, हातमोजे नाहीत. मी एका गाडीखाली आडवी होते. तिचे बूट आधी दिसले.

“थंडी वाजत नाही का गं?” मी विचारलं.

“होते सवय.” तिचा रंग उतरला होता, पण आवाज गोड होता. “ताई, मी रागावले होते ना त्या दिवशी? जाऊ दे ते. त्यानेच सांगितलं, ताईवर रागवायचं नाही.”

“बोलतो तो?”

“हळूहळू. मी एक शब्द सांगते, तो म्हणतो. तुझं नाव येतं आता.” ती जरा थांबली. “रविवारी दुपारी आम्ही जेवायला येतो तुझ्याकडे. चालेल ना?”

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. दुसऱ्यांदा या भावाला मी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार होते? आणि तो भाऊ नसेल, तर नाही म्हटल्याने ते थांबणार होतं का?

“या,” मी म्हणाले.

आज रविवार. उन्तोकाकाला मी सकाळीच त्याच्या पुतणीकडे पाठवलं. म्हाताऱ्याने हे बघायला नको. तो जाताना म्हणाला, “पोरी, तूही चल.” मी म्हणाले, पाहुणे यायचेत.

बारा वाजत आले. टेबलावर तीन ताटल्या मांडल्या आहेत. मांसाचं सूप करून गार व्हायला बाहेर ठेवलं होतं, त्यावर आता बर्फाची साय धरली आहे. चुलीतली लाकडं दोन तासांपूर्वी चिमट्याने ओढून अंगणात टाकली. खिडक्या आतून पांढऱ्या व्हायला लागल्या आहेत, मला बोटं नीट वळवता येत नाहीत, म्हणून हे अक्षर असं आलंय.

दाराला कडी घातलेली नाही, नुसतं लोटलंय. पिएरा चव्वेचाळीस वर्षांत एकदाही माझं दार वाजवून आत आला नाही. धाडकन ढकलायचा आणि बूट न काढता सरळ चुलीपाशी यायचा, मी ओरडेपर्यंत. काही जरी विसरला असला तरी एवढं तो विसरणार नाही.

गाडीचा आवाज मघाशीच अंगणात येऊन थांबला. पायऱ्यांवर पावलं वाजली. एक इर्याची, हलकी. दुसरी मोजून टाकल्यासारखी. दोन्ही दारापाशी येऊन थांबली आहेत.

अजून कोणी आत आलेलं नाही.